पंचेचाळीस किलोंचा अतीक

अक्कलकोट रोडवर आमच्या रिक्षा स्टँडला लागूनच माझी चहाची टपरी आहे. मी महादेवी. स्टँडवरचे सगळे मला अक्का म्हणतात. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी आणि चिडले की दोन्ही, अशी माझी रीत. बारावीपर्यंत शिकले तेव्हा लिहायची खोड लागली, ती काही गेली नाही. आज अतीकबद्दल लिहायला बसले आहे, कारण या माणसाने माझा चहाचा धंदा सात महिने बसवला आणि तरी मला त्याचा राग धरून ठेवता आला नाही. राग धरून ठेवण्यात मी कच्ची आहे असं समजू नका, माझ्या जावेला विचारा.

अतीक आमच्या स्टँडवर रिक्षा चालवतो. कुंभारी, वळसंगच्या फेऱ्या करतो. तिशी ओलांडलेला, उंचीने चांगला, पण अंगावर मांस म्हणाल तर औषधालाही नाही. शर्ट खांद्यावरून निघायचा तो थेट पँटीपर्यंत, मध्ये कुठे टेकायला जागाच नव्हती. वारा सुटला की तिप्पण्णा त्याला म्हणायचा, "अतीक, रिक्षातच बस बाबा, भाईर उभारू नको. तुला हुडकत कुटं फिरायचं?" तिप्पण्णा हा स्टँडवरचा सगळ्यांत जुना गडी. तरुणपणी तालमीत कुस्त्या केलेला, मागे बघायचं म्हटलं तर अजून अख्खाच्या अख्खा वळतो. त्याच्या या चेष्टेवर सगळ्यांत मोठ्याने कोण हसत असेल, तर तो अतीकच.

फक्त वजनाचा काटा दिसला की त्याचं हसू जायचं. त्याचं कारण स्टँडवर सगळ्यांत आधी मला कळलं होतं.

पाच वर्षांपूर्वी त्याची बायको समरा बाळंत झाली. मुलगी झाली, जोया. पोरगी ठणठणीत होती, पण समराचं रक्त जायचं थांबेना. रक्तपेढीतून दोन बाटल्या आणल्या, त्या चढवल्या, तेव्हा कुठे ती वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी अतीक माझ्या बाकड्यावर येऊन बसला. हातात चहाचा ग्लास धरला, पण तोंडाला लावेना.

"अक्का," तो म्हणाला, "मी इचारलं, रक्त कुणाचं हाय म्हणून. त्ये म्हणले, नाव सांगत नसतात, कुणीतरी शिबिरात दिलं आसंल. आता त्या माणसाचा हात मी कसा हातात घ्यायचा?"

एवढं बोलून तो रडला. बापईमाणूस टपरीवर रडताना मी कधी पाहिला नव्हता, म्हणून मी उगाचच गाळणी धूत राहिले. रडून झाल्यावर त्याने डोळे पुसले आणि आपल्या मनाशी ठरवून टाकलं की, ज्याने दिलं तो सापडत नसेल तर आपणही असंच कुणातरी न दिसणाऱ्या माणसाला द्यायचं. दोन बाटल्या मिळाल्या, तर निदान दोन द्यायच्या.

पण शिबिरात रक्त द्यायचं तर वजन पंचेचाळीस किलो लागतं. अतीक एक्केचाळीस. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मंडपात तो रांगेत उभा राहायचा आणि काट्यावरून खाली उतरून परत यायचा. समरा अंगाने भरलेली आहे. ती म्हणाली, "माझं वजन हाय की. वरीस उलटून गेलंय. मीच देते, झालं." त्यावर अतीक तिला म्हणाला, "रक्त तुला मिळालं, पर बायको मला मिळाली. द्यायचं मला हाय." समराने हे मला सांगितलं तेव्हा ती तक्रार करत होती, पण पदराआड हसतही होती.

गेल्या वर्षी गणपतीत शेजारच्या मंडळाचं शिबिर होतं. चहा माझाच होता, म्हणून मी किटली घेऊन मंडपातच होते. अतीक आला, काट्यावर चढला आणि काटा बरोबर पंचेचाळीसवर गेला. मला आनंद झाला, आश्चर्यही वाटलं. रक्तपेढीच्या डॉक्टरबाईंनी त्याला खाटेवर आडवं व्हायला सांगितलं. तो आडवा झाला, आणि त्याच्या खिशातून मोठा पाना निसटून फरशीवर आपटला. त्याच्यामागून पक्कड. मग प्लग खोलायचा टॉमी. रिक्षाचं सगळं सामान पँटीत भरून हा बाबा आला होता.

डॉक्टरबाईंनी पाना उचलून बघितला. "रक्त तुमचं काढायचंय की याचं?"

मंडप हसला. मीही हसले. मग बाईंचं त्याच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि त्या थांबल्या. त्याला बाजूच्या खुर्चीवर बसवलं, सगळं विचारून घेतलं. अतीकने बाटल्यांची गोष्ट सांगितली. बाई म्हणाल्या, "हा नियम तुम्हाला परत पाठवायला नाही, तुम्हाला चक्कर येऊन पडू नये म्हणून आहे. आधी तपासणी करून घ्या. काही आजार नसेल तर वजन वाढवता येतं. रोज शरीर जेवढं खर्च करतं, त्याहून थोडं जास्त पोटात गेलं पाहिजे. एकदम नाही, दिवसभरात थोडं थोडं. डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे. आणि अंगाला जड उचलायचं काम द्या, म्हणजे खाल्लेलं मांडी-दंडाला लागेल. नाहीतर नुसतं पोट सुटेल."

"पोट सुटलं तरी चालंल, मॅडम," अतीक म्हणाला.

तपासणीत काही निघालं नाही. म्हणजे दोष शरीराचा नव्हता. मग कशाचा? तर तो माझ्या टपरीचा होता, हे मला सांगावं लागतंय.

आमच्या स्टँडची एक जुनी रीत आहे. धंद्यातली दिवसाची पहिली कमाई म्हणजे भवानी. स्टँडवर सकाळी ज्याची भवानी सगळ्यांत आधी होईल, त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. पुढे दिवसभरात ज्याला लांबचं भाडं मिळेल, त्याचाही चहा. आणि या चहाला नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं तर पाजणाऱ्याचा दिवस खराब जातो. अतीक भिडस्त माणूस. कुणाचा दिवस आपल्यामुळे खराब जाऊ नये म्हणून तो पहाटेपासून उपाशीपोटी चहा प्यायचा, दिवसभर पीतच राहायचा. भूक लागायची वेळ झाली की चहा यायचा आणि भूक मरायची. दुपारचा डबा तर तो नेतच नसे. संध्याकाळी घरी जाऊन जे काय खाईल तेवढंच. आमचं सगळं स्टँड मिळून त्याला प्रेमाने वाळवत होतं.

हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही. कारण मध्ये तिप्पण्णा घुसला.

"त्या बाईस्नी काय कळतंय," तो म्हणाला. "खुराक लागतो, खुराक. तालमीत आमी वाटीनं तूप प्यायचो." त्याने माझ्याकडून तूप मागून घेतलं, वाटी काठोकाठ भरली आणि अतीकला सगळ्यांसमोर प्यायला लावली. अतीक नाही म्हणणाऱ्यातला नव्हताच. पुढचे दोन दिवस त्याची रिक्षा स्टँडवर दिसली नाही. तिसऱ्या दिवशी आला तो आणखी एक किलो घालवून आला. तिप्पण्णा सगळ्यांना सांगत सुटला की तूप चांगलं नव्हतं. ते तूप माझ्या माहेरचं होतं. मी आठवडाभर तिप्पण्णाला चहा दिला, पण त्याच्याशी बोलले नाही.

मग एक दिवस मीच डोकं चालवलं. बाईंचं सांगणं आठवलं आणि अतीकच्या हातातला ग्लास दिसला. मी म्हटलं, "ह्याचा चहा बंद. भवानी कुणाची बी आसू दे, ह्याला चहाच्या बदली शेंगदाणं द्यायचं." रीत मोडत नव्हती, कारण पाजणाऱ्याचा मान राहत होता. तिप्पण्णाने मान हलवली आणि ते मंजूर झालं. वळसंगच्या बाजारातून मी शेंगदाणे आणले, खरपूस भाजले, सोबत गूळ ठेवला. भाजक्या दाण्यांचा वास स्टँडभर पसरला, आणि इथेच मी फसले.

दुसऱ्या दिवशी एकजण म्हणाला, "अक्का, मला बी शेंगदाणंच द्या." तिसऱ्या दिवशी चौघे. आठवड्यात सगळं स्टँड गूळ-शेंगदाण्यावर आलं आणि माझा चहा किटलीत गार व्हायला लागला. घरचे विचारायला लागले की दूध एवढं का उरतंय. मी काय सांगणार, आपल्या हाताने केलेलं.

आमच्या स्टँडला लागून भुसाराचं दुकान आहे. तिथल्या ज्वारीची पोती तोलायच्या काट्यावर अतीक दर शुक्रवारी नमाज पढून आला की चढायचा. महिनाभराने बघितलं, अतीक होता तिथेच. मग सगळ्यांनी हौसेने आपापलं वजन केलं. एकाची पँट बसेना, एकाला बायकोने टोकलं होतं, आणि तिप्पण्णा काट्यावर चढला तेव्हा दुकानदार म्हणाला, "मामा, ह्यो काटा एक पोतं तोलायचा हाय, दोन न्हाय." अतीकच्या खुराकावर सगळं स्टँड मातलं आणि अतीक तेवढा कोरडा राहिला.

तो हसला, पण मला ते हसू बघवेना. त्या दिवशी तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे, अक्का. काहींच्या अंगाला लागतच न्हाय. माझा बाप बी असाच होता." एवढी वर्षं दरवर्षी मंडपातून परत येणारा माणूस पहिल्यांदाच हार मानत होता, आणि मला फार वाईट वाटलं.

दोन दिवसांनी समरा आली. जोयाला शाळेतून घेऊन ती तडक टपरीवर आली, आणि तिचा चेहरा बघून मी ओळखलं की भांडण आहे.

"अक्का, तुमी ह्यांना हितं काय खाऊ घालताव?"

"का गं?"

"घरी आले की अर्ध्या भाकरीवर उटतात. सालन केलं तर बोटभर. मी इचारलं तर म्हणतात पोट भरलंय. मी काय वाईट करते का जेवाण?"

मी म्हटलं, "शेंगदाणं खातो की. गूळ खातो. घरी जायच्या टायमाला मूठभर मीच देते."

समराने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. "पोट एकच हाय, अक्का," ती म्हणाली. "तुमी हितं भरताव आन् मी तितं वाढत बसते."

दोघींना एकदमच कळलं. मी घातलेलं तिच्या ताटातून वजा होत होतं. जास्त काहीच जात नव्हतं. बाकीचे माझं खाऊन घरी जाऊन पुन्हा पोटभर जेवत होते, म्हणून ते फुगले. अतीकचं पोट लहान, एक भरलं की दुसरं बंद. मी हसायला लागले, समरालाही हसू आलं, आणि भांडायला आलेली बाई माझ्या बाकड्यावर बसून कपभर चहा पिऊन गेली. त्या आठवड्यात स्टँडवर खपलेला तो पहिला चहा.

मग आम्ही दोघींनी अतीकला वाटून घेतलं. घरी निघताना मूठभर शेंगदाणे बंद. आधी समराचं जेवण, मग काय ते बाकीचं. सकाळी घरातून खाल्ल्याशिवाय निघायचं नाही. दुपारी डबा सोबत, आणि तो रिक्षात बसून माझ्या नजरेसमोर संपवायचा. जे पोटात जागा न धरता जाईल ते समरा डब्यात लपवायची. आमटीत दाण्याचं कूट, शेंगाचटणीवर तेलाची धार, भाताखाली उकडलेलं अंडं. पाणी पिऊन पोट फुगवायचं त्याऐवजी जेवणानंतर दूध. दुपारी चारला माझ्याकडची दोन केळी आणि दाणे, म्हणजे संध्याकाळच्या भुकेला वेळ राहायचा. किमा आठवड्यातून एकदा, आणि डाळ रोज.

तिप्पण्णाला तुपाची भरपाई करायची होती. तो म्हणाला, "जड उचलायचं काम माझ्याकडं द्या." रोज सकाळी तो अतीकला तालमीत न्यायला लागला. सुरुवातीला नुसत्या बैठका. अतीक जिना उतरताना कठडा धरायला लागला, रिक्षाची किक मारताना देवाचं नाव घ्यायला लागला. मग तिप्पण्णाने वाळूचं पोतं आणलं, आधी अर्धं, मग थोडं थोडं भरत नेलेलं. ते उचलायचं, खांद्यावर घ्यायचं, ठेवायचं. एक दिवस सोडून एक दिवस, कारण बाईंनी मध्ये विश्रांती घ्यायला सांगितलं होतं. तिप्पण्णाने या वेळी बाईंचं ऐकलं.

थंडीतली एक सकाळ मला आठवते. अतीक तालमीतून आला, घाम पुसत बाकड्यावर टेकला आणि म्हणाला, "अक्का, भूक लागलीय."

मी पावाला चटणी लावत होते, माझा हात थांबला. इतक्या वर्षांत हा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. त्याला जेवायला बोलवावं लागायचं, आग्रह करावा लागायचा, आणि आज तो मागत होता. मी दोन पाव दिले, चटणी जरा जास्तच घातली. त्याने ते खाल्ले आणि अजून एक मागितला. खरं सांगते, त्या दिवशी मला माझी पोरं जेवल्यासारखं वाटलं.

काटा हलायला लागला. फार नाही, पाव किलो, अर्धा किलो. कधी एखाद्या शुक्रवारी मागेही जायचा, तेव्हा स्टँडवर सुतक. चव्वेचाळीस झाले तेव्हा भुसारवाल्याने मूठभर शेंगदाणे स्वतःकडचे दिले. तेवढ्यात रमजान आला. दिवसभर उपास म्हणजे केलेलं सगळं जाणार. मी चाचरत अतीकला म्हटलं, "एवडा महिना..." त्याने पुढचं बोलू दिलं नाही. "रोजा न्हाई सोडायचा, अक्का. ज्यानं समरा वाचवली त्याचाच हाय."

समराने पहाटे रोजा धरायच्या आधी, सहरीला, अंडी, दूध-खजूर आणि तूप लावलेली भाकरी चालू केली. तालीम इफ्तारनंतर, तीही हलकी. तिप्पण्णा रोज संध्याकाळी केळ्यांची फणी घेऊन त्यांच्या घरी हजर व्हायचा आणि निम्मी केळी स्वतः संपवायचा. रोजा अतीकचा आणि इफ्तार तिप्पण्णाचा, असं समरा म्हणायची. ईदेचा शिरखुर्मा अतीक तीन वाट्या प्यायला. ईद झाल्यावरच्या शुक्रवारी तो काट्यावर चढला तेव्हा आम्ही सगळे श्वास धरून उभे होतो. गेलं काहीच नव्हतं, उलट थोडं आलं होतं.

एप्रिलमध्ये जयंतीच्या निमित्ताने शिबिर घ्यायचं स्टँडने ठरवलं. उन्हाळ्यात रक्त कमी पडतं, तेव्हा आपणच घेऊ, असं तिप्पण्णा म्हणाला. शिबिर कशासाठी होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण तसं कुणी बोललं नाही. लिंबाखाली मांडव घातला, खाटा आल्या. रक्तपेढीच्या गाडीतून त्याच डॉक्टरबाई उतरल्या. रांगेत पहिला कोण उभा राहणार यावर चर्चाच झाली नाही. अतीकला पुढे केलं.

त्याच्या अंगावर नवा शर्ट होता. खांद्यावर, दंडावर तो शर्ट थोडा थोडा टेकत होता.

बाईंनी ओळखलं. "पाने कुठे आहेत?"

"रिक्षात हायेत, मॅडम."

तरी त्यांनी खिसे रिकामे करायला लावले. अतीकने किल्ली काढून जोयाच्या हातात दिली, चपला काढल्या आणि काट्यावर चढला. आम्ही सगळे माना लांब करून बघत होतो. बाई वाकल्या, आकडा वाचला आणि मोठ्याने म्हणाल्या, "शेहेचाळीसला थोडं कमी. चला, आडवे व्हा."

तिप्पण्णा एवढा दांडगा माणूस, तो मांडवाच्या खांबाकडे तोंड करून उभा राहिला. समराने जोयाला कडेवर घेतलं.

बोटातलं रक्त तपासलं, तेही चांगलं निघालं. अतीक आडवा झाला. या वेळी खिशातून काही पडलं नाही. पिशवी भरायला लागली. जोया टक लावून बघत होती. तिने विचारलं, "अब्बा, ये किसकू जायेगा?"

"मालूम नै, बेटा," अतीक म्हणाला. "किसकू बी." आणि तो असा हसला की मला वाटलं, पाच वर्षांपूर्वी ज्याचा हात त्याला सापडत नव्हता, तो आज सापडला.

तो उठून बसला. त्याच्या हातात बिस्किटं दिली. मी किटली घेऊन उभीच होते, पण सवयीने त्याला सोडून पुढच्याकडे वळले. अतीकने मला थांबवलं.

"अक्का, आजची पयली बाटली कुणाची?"

"तुझी की."

"मग भवानी माझी झाली. सगळ्यांना चहा. मला बी."

सात महिन्यांनी त्याने माझ्या हातचा चहा घेतला. एक घोट प्यायला, थोडा विचार केला आणि म्हणाला, "साखर कमी केलीस, अक्का." मी काही कमी केली नव्हती, गुळाने त्याची जीभ बिघडली होती. मग म्हणाला, "एवढाच आज. उद्यापास्नं परत शेंगदाणं. तीन महिन्यांनी दुसरी बाटली द्यायची हाय."

चहा सगळ्यांना वाटून झाला. डॉक्टरबाई प्यायल्या, समरा प्यायली, तिप्पण्णा दोनदा प्यायला. अतीकने खिशात हात घातला आणि नोट पुढे केली. माझ्या मनात आलं, हे पैसे कसे घ्यायचे? नको म्हणायला माझा हात वर झाला होता. पण भवानीला नाही म्हणायचं नसतं, ही रीत आमच्याच स्टँडची.

मी ती नोट घेतली आणि कपाळाला लावली. पहिल्या गिऱ्हाइकाची नोट मी रोजच कपाळाला लावते, सवयच आहे. त्या दिवशी मात्र मनापासून लावली.